बुरुजातली खिडकी

तिसगावजवळच्या जुन्या गढीचं आम्ही वाचनालय करत होतो. बुरुजातल्या बंदुका रोखायच्या भोकांना मी काचा बसवल्या, खाली मुलांसाठी बाक केले आणि स्वतःवरच खूश झालो.

चुना मळणारा म्हातारा रोज चुना नखावर घेऊन बघायचा, मगच घमेलं पुढे सरकवायचा. बोलणं जवळजवळ नाहीच. शेवटच्या दिवशी मीच त्याला बाकावर बसवलं.

"बघा बाबा, काय दिसतंय?"

त्यानं एक डोळा मिटला, दुसरा काचेला लावला.

"आमची वस्ती. आमचं दार तर बराबर मधी येतंय, सायेब."

मी हसलो.

"गढीवाल्यांनी नेम धरूनच भोक पाडलंय न्हवं."

नकाशात त्या भोकापाशी मी लिहिलं होतं, 'वस्तीचं सुंदर दृश्य'.