नळदुर्गच्या पाण्याचा फोटो

नळदुर्गचा किल्ला आमच्या उमरग्यापासून गाडीनं तासाभराच्या अंतरावर आहे. तिथं पोचायला माझ्या नवऱ्याला अख्खा पावसाळा लागला.

त्याचं गावात पाण्याच्या मोटरींचं दुकान आहे. माणूस व्यवहाराला चोख, बोलायला गोड. पण मुलीनं पुण्याहून येताना तिचा जुना कॅमेरा आणून दिला आणि त्याचं दुकानातलं लक्ष उडालं. गिऱ्हाईक विहिरीवरची मोटर जळाल्याचं सांगत असायचं आणि हा गल्ल्यावर मोबाइल टेकवून कुणीतरी हिमालयात फोटो कसे काढतो ते बघत असायचा. सुरुवातीला त्यानं अंगणातल्या जास्वंदीचे फोटो काढले, मग समोरच्या कडुलिंबाचे, मग माझे. माझे लवकरच थांबले. "जरा सहज उभी राहा," असं कुणी म्हटलं की मला सहज उभं राहता येत नाही.

मग त्यानं जाहीर केलं की आपण आता माणसांचे फोटो काढणार नाही. फिरायचं, आणि जागांचे फोटो काढायचे. पहिला मान नळदुर्गला.

तिथल्या किल्ल्यात बोरी नदी अडवणारी एक जुनी दगडी भिंत आहे. पाऊस चांगला झाला, पाणी भिंतीच्या वरपर्यंत चढलं, की दोन जागांवरून ते धो धो खाली पडतं. त्या धबधब्यांना नर आणि मादी म्हणतात. भिंतीच्या पोटात पाणीमहाल आहे. त्याच्या सज्जात उभं राहिलं की पाणी डोळ्यांसमोरून पडताना दिसतं. याला तेच पाणी हवं होतं, पण साधं नाही. रेशमासारखं, धुक्यासारखं दिसणारं. त्यासाठी कॅमेरा न हलवता बराच वेळ उघडा ठेवावा लागतो, असं त्यानं मला जेवताना समजावून सांगितलं. मी हो म्हटलं, कारण आमटी निवत होती.

दुसऱ्या दिवशी या हो म्हणण्याचा अर्थ कळला. सरावासाठी धबधबा पाहिजे होता आणि उमरग्यात धबधबा नाही. म्हणून मी गच्चीवर टाकीच्या कठड्यावर बसून बादलीनं पाणी ओतायचं आणि त्यानं खालून तिकाटण्यावर कॅमेरा लावून फोटो काढायचे.

"एका धारेत ओत. मधीच तुटतंय," तो खालून म्हणायचा.

"हात माझा आहे, नदी नाही," मी वरून म्हणायचे.

शेजारच्या वहिनींनी पहिल्या दोन वेळा कपडे वाळत घालायचं निमित्त काढून हा प्रकार बघितला. तिसऱ्या वेळी त्यांनी सरळच विचारलं, टाकी गळतीय का म्हणून.

पंचाईत पुढंच होती. पहाटेचं ऊन भिंतीवर पडताना फोटो काढायचा असं त्यानं ठरवलं, तर कळलं की किल्ल्याचं दार एवढ्या लवकर उघडत नाही. मग सूर्य कुठल्या वेळी कुठं असेल ते दाखवणारं एक ॲप त्यानं मोबाइलवर घेतलं आणि सकाळी उशिराची एक वेळ काढली. तेवढ्यात भिंतीवरून पाणी पडायचं थांबलं. नंतर पाणी आलं तर आभाळ आलं. आभाळ गेलं तर गौरी-गणपती आले. नळदुर्गकडचं कुणी दुकानात आलं की हा आधी विचारायचा, "काय, पाणी पडतंय का भिंतीवरनं?" बिचाऱ्यांना वाटायचं, पाणी बघून मोटर किती ताकदीची घ्यायची ते सांगणार असेल.

शेवटी भाद्रपद संपता संपता सगळं जुळून आलं. रविवार ठरला. जायचं दोघांनीच. आणि मुख्य अट अशी की वाटेत जळकोटला थांबायचं नाही.

जळकोट अगदी महामार्गावर आहे आणि तिथं त्याची आत्या राहते. वय झालंय, पण अजून कणखर आहे. रोज सकाळी गळ्यातलं लिंग हातावर घेऊन पूजा झाल्याशिवाय पाणी पीत नाही आणि दारात आलेल्याला जेवल्याशिवाय सोडत नाही. तिच्याकडं चहाला थांबलेला माणूस संध्याकाळी निघतो. तिचा जीव आमच्यावर, आमचाही तिच्यावर, पण ऊन काही आत्यासाठी थांबणार नव्हतं. म्हणून तिला कळू द्यायचं नाही असं माझ्याकडून त्यानं वदवून घेतलं.

आणि शनिवारी संध्याकाळी त्यानंच तिला फोन लावला. का, तर जळकोटला आभाळ कसं आहे ते विचारायला.

रविवारी आम्ही जळकोटच्या फाट्याशी आलो, तर आत्या रस्त्याच्या कडेला उभी. अंगावर ठेवणीतलं इरकल, हातात कापडी पिशवी. गाडी थांबली तशी तिनं मागचं दार उघडलं आणि बसली.

"मला काय कळत न्हाय व्हय?" ती म्हणाली. "जन्मात कधी आभाळ इचारायला फोन केला न्हाईस तू. म्हनलं, हा नळदुर्गाला चाललाय."

"आत्या, तुम्हाला पायऱ्या जमतील का? लांब चालायचंय," नवऱ्यानं विचारलं.

"तू चाल पुढं."

गाडी निघाल्यावर तिनं सहज सांगितलं की तिनं ते पाणी कधीच बघितलेलं नाही. मला खरं वाटेना. एवढ्या जवळ राहून?

"मालक दर साली म्हनायचे की औंदा जाऊ. पान्याला जोर येऊ दे मग जाऊ, फवारनी होऊ दे मग जाऊ. लई ठरवायचे." ती खिडकीतून बाहेर बघत हसली. "ठरवन्यात त्यांचा हात कुनी धरला न्हाई. ठरवता ठरवताच गेले."

मी नवऱ्याकडं बघितलं. तो रस्त्याकडं बघत होता.

किल्ल्यात रविवारची गर्दी होती. पाणी मात्र त्यानं मनात धरलं होतं तसंच, भरपूर आणि पांढरंशुभ्र. समोरच्या बाजूला चांगली जागा शोधून त्यानं तिकाटणं उभं केलं, मोबाइल काढून सूर्य बघितला आणि म्हणाला, "अजून थोडा वेळ आहे. ऊन भिंतीवर आलं की झालं." त्याच्या चेहऱ्यावर असं समाधान मी मुलीच्या निकालाच्या दिवशी बघितलं होतं. आत्या एका दगडावर बसली होती. मी त्याच्यासाठी पाण्याची बाटली काढायला वळले, आणि बाटली देऊन परत बघितलं तर दगड रिकामा.

आधी वाटलं, असेल इथंच. मग मी आजूबाजूला फिरून आले. मोबाइल ती वापरत नाही. घरच्या फोनवर बोलते तेही ओरडून. बुरुज उंच, पायऱ्या शेवाळलेल्या, खाली पाणी घोंघावतंय. मी नवऱ्याला सांगितलं. त्यानं एकदा भिंतीकडं बघितलं. ऊन अगदी तोंडाशी आलं होतं. मग शेजारी फोटो काढत असलेल्या एका कुटुंबाला त्यानं विनंती केली, "एवढं सांभाळता का, आत्ता आलो," आणि कॅमेरा तसाच सोडून तो पळत सुटला. जो कॅमेरा घरात मला पुसायला मिळत नाही, तो कॅमेरा.

त्यानं तटाची बाजू धरली, मी दरवाजाची. कुणीतरी सांगितलं, इरकल नेसलेल्या आजी भिंतीवरून पाणीमहालाकडं गेल्या. आम्ही दोघंही तिकडं धावलो. आतला जिना ओला, अरुंद आणि काळोखी होता. तो माझा हात धरून उतरत होता आणि त्याचा तळवा माझ्यापेक्षा थंड होता.

खाली सज्जात आत्या मांडी घालून बसली होती. पदर भिजलेला, कपाळावरची विभूती ओघळलेली. भोवती सीमेपलीकडून आलेल्या चार-दोन बायका. सगळ्यांचं कन्नडमधून जोरात चाललं होतं, कारण पाण्यापुढं हळू बोलून ऐकू येत नव्हतं. पिशवीतल्या कडक भाकरी आणि शेंगाची चटणी सगळ्यांच्या हातात होती.

नवरा तिच्यापुढं उभा राहिला आणि रागावला. आत्यावर त्याला रागावताना मी पहिल्यांदाच बघत होते. "सांगून जाता येत नाही का? आमचा जीव गेला असता. काही झालं असतं म्हणजे?" पाण्याच्या आवाजात त्याचे निम्मे शब्द वाहून गेले. आत्यानं तो थांबेपर्यंत वाट बघितली आणि भाकरीचा तुकडा त्याच्या हातात ठेवला.

"बस," ती म्हणाली.

तो बसला. बसायला आणि ऊन यायला एकच गाठ पडली. समोरून पडणाऱ्या पाण्यात ऊन शिरलं आणि सगळा सज्जा उजळून निघाला. भिंतीवर, बायकांच्या तोंडांवर, आत्याच्या ओल्या पदरावर उजेड हलायला लागला. पावसाळाभर त्यानं हिशेब मांडून ठेवलेलं तेच ऊन, त्याच वेळेला.

"फोटू काढत न्हाईस?" आत्यानं विचारलं.

"कॅमेरा वर राहिला."

"मग बघ की नुसतं."

त्यानं बघितलं. चटणीभाकरी खात, तोंडावर तुषार घेत, पापणी न हलवता. मी त्याच्याकडं बघत होते. दोनदा त्याचा हात नकळत छातीशी, कॅमेरा असतो तिथं गेला आणि परत खाली आला. ऊन ढगाआड जाईपर्यंत आम्ही कुणीच उठलो नाही. आत्या मधेच एकदा पुटपुटली, "बरं झालं, आले." ते ती आम्हाला नाही, तिच्या मालकांना सांगत होती.

वर आलो तेव्हा ते कुटुंब कॅमेरा धरून इमानदारीत उभं होतं. त्यानं थोडे फोटो काढले. पाणी रेशमासारखं आलं, पण राखाडी. जळकोटला अर्थातच थांबावं लागलं. जेवण झाल्यावर तो आत्याच्या बाजेवर आडवा झाला आणि चहापर्यंत झोपला.

त्या बायकांपैकी एकीनं सज्जात मोबाइलवर एक फोटो काढला होता आणि निघताना माझा नंबर घेऊन पाठवला. त्यात आत्या भाकरी मोडतेय आणि हा भिजलेल्या केसांनी, बोट उगारून, तोंड उघडं टाकून ओरडतोय. आत्यानं तो मोठा करून मागितला आणि टीव्हीच्या वर लावला. आल्या-गेल्याला दाखवते, "हा माझा भाचा, मला हुडकत आल्ता."

आम्ही गेलो की नवरा तो फोटो जवळ जाऊन बघतो. मागच्या खेपेला म्हणाला, "फोकस जरा हुकलाय." आणि काच पुसून परत नीट लावला.