तिसऱ्या सेकंदातली कोंबडी

मोनिका सात वर्षांची असताना तिच्या बापाच्या, मच्छिंद्राच्या, खुराड्यात एकोणीस कोंबड्या होत्या, आणि दिवस मावळला की त्या कोंडायचं काम तिच्याकडं. एकदा रानमांजर आत शिरलं. सकाळी फळी काढली तर पाय ठेवायला जागा नाही. रक्त, पिसं, तुटक्या तंगड्या, आणि एका कोपऱ्यात नुसतीच मुंडकी. आई तोंडाला पदर लावून मागं सरली. पोरगी मात्र ओणवी होऊन आत घुसली आणि एकेक उचलून बाहेर मांडायला लागली. "ही भुरकी. ही लंगडी. ही उघड्या मानेची."

"आगं, भाईर ये! काय करतीस?" मच्छिंद्र ओरडला.

"कोन कोन गेलं ते कळाया नको व्हय, आप्पा?"

अकरा गेल्या होत्या. अकराही तिनं नावानिशी सांगितल्या.

शेवगावच्या पुढं आत गेलं की हे गाव. नाव राहू द्या, गावाच्या लेकी अजून नांदायच्या आहेत. तर ही मोनिका शिकत शिकत नगरला गेली, एम. ए. झाली आणि एका संशोधन केंद्रात लागली. घरी सांगितलं, कॉम्प्युटरवर माहिती भरायचं काम आहे. खोटं नव्हतं. फक्त कसली माहिती, ते सांगितलं नव्हतं.

जगभरातले अतिरेकी माणसं मारतात, त्याच्या चित्रफिती काढतात आणि इंटरनेटवर सोडतात. मग तीच फीत देशोदेशी हिंडते. मेला कुठला कोण, आणि नाव चढतं दुसऱ्याच कुणाचं. ही नावं कोण चढवतं, कशी चढतात, याचा अभ्यास रिझवान सर करत होते आणि मोनिका त्यांची मदतनीस. रोज सकाळी दहाला खोलीत बसायचं आणि गळे चिरलेले, गोळ्या घातलेले, जाळलेले बघायचे. प्रत्येकाला क्रमांक द्यायचा, तक्ता भरायचा. मारणारे किती, हत्यार कोणतं, मागं भिंत की झाड, ओळख पटली का. ओळखीच्या रकान्यात ती कायम 'नाही' लिहायची.

या कामाची एक रीत होती. रंग काढून टाकायचे, आवाज बंद ठेवायचा, चौकट काडेपेटीएवढी करायची. वीस मिनिटं बघायचं, दहा मिनिटं खिडकीबाहेरच्या लिंबाकडं. ही रीत मोडली तर माणूस झोपेतून किंचाळत उठतं, असं सर पहिल्याच दिवशी म्हणाले होते. मोनिकानं दोन वर्षांत एकदाही मोडली नव्हती.

त्या शुक्रवारी दुपारी चारला तिचा स्वतःचा मोबाईल वाजला. घरच्या ग्रुपवर आप्पांनी काहीतरी टाकलं होतं. खाली ओळ: 'आपल्या बन्सीला मारलं. मेहताबनं आणि त्याच्या माणसांनी. पुढं पाठवा.'

बन्सी म्हणजे गावातला हमाल. मेहताबच्या टेम्पोवर कापसाची गाठोडी चढवायचा. चार दिवसांपूर्वी त्याच टेम्पोतून बाजाराला गेला तो परतलाच नव्हता, फोनही बंद. गाव आधीच कुजबुजत होतं.

मोनिकानं फीत उघडली. रंगीत, मोठी. वरून कुणीतरी रडकं गाणं चढवलेलं. चेहऱ्यावर फडकं बांधलेला एक माणूस गुडघ्यावर, निळ्या चौकड्यांचा शर्ट. मागून एक हात आला, केस धरून मान मागं ओढली, आणि सुरा असा फिरला की निळा शर्ट पोटापर्यंत लाल झाला. हे रक्त तिनं चाळीस वेळा पाहिलं होतं, पण राखाडी. लाल आज पहिल्यांदा.

आणि चाळीस वेळा पाहिलं होतं हे तिला कशावरून कळलं? तिसऱ्या सेकंदाला मारणाऱ्याच्या पायामागून एक कोंबडी गेली. उघड्या मानेची, डाव्या पंखाचं एक पीस लोंबणारी. क्रमांक दोनशे बारा. तक्त्यात 'इतर' या रकान्यात तिनंच लिहिलं होतं: 'तिसरा सेकंद, कोंबडी.' सर हसले होते तेव्हा. ही फीत पाच वर्षांपूर्वीची, हजारो कोसांवरच्या देशातली.

तिनं बापाला फोन लावला. पलीकडं कल्लोळ.

"आप्पा, तो बन्सीकाका न्हाई!"

"तुला काय ठावं नगरात बसून?"

"मी बघितलीय ती फीत. मागंच बघितलीय."

"मागं? आगं, आज आली ती. कुटं बघितलीस तू?"

आणि इथं मोनिका गप्प झाली. रविवारी देवळाली प्रवराहून तिला बघायला माणसं यायची होती. मुलगी दिवसभर माणसं कापलेली बघते, हे बापाच्या तोंडून गावात जाईल, गावातून देवळालीला. पाच-सहा श्वास गेले असतील. पलीकडं कुणीतरी बोंबललं, "घावला रं घावला!" आणि फोन बंद झाला. पुन्हा लावला, तर कुणी उचलेना.

त्या गप्पपणापायी पुढं काय झालं ते ग्रामपंचायतीतल्या छबूबाईनं नंतर सांगितलं. मेहताबला टेम्पोतून कॉलर धरून ओढला. जॅकच्या दांड्यानं पहिला फटका गुडघ्यावर. तो खाली बसला तसा कुणीतरी त्याचा उजवा हात दगडावर ठेवला आणि वरून दुसरा दगड घातला. तीन बोटं वाळक्या शेंगेसारखी फुटली. "मच्छूभाऊ!" तो ओरडला, "तुज्या पोरीला धा वर्स शाळेत नेली रं मी या टेम्पोत!" आणि त्या मच्छूभाऊनंच बाभळीची काठी त्याच्या तोंडावर हाणली. डावा डोळा तिथंच गेला.

इकडं मोनिका सरांसमोर उभी. "सर, दोनशे बारा बाहेर न्यायचीय."

"चित्र या खोलीबाहेर जात नाही, मोनिका. तुला माहीत आहे."

"चित्र नकोच. चित्र तर सगळ्यांनी बघितलंय. आवाज कुणी ऐकलेला नाही."

सरांनी तिच्याकडं पाहिलं. "तू तरी कुठं ऐकलायस?"

"नाही."

"घाल कानात. आधी तू ऐक."

तिनं ऐकला. मरणारा माणूस एकच शब्द पुन्हा पुन्हा म्हणत होता, कुठल्या भाषेतला देव जाणे. मारणारे त्याच भाषेत हसत होते. मधेच कोंबडी कॉक-कॉक करून गेली. पुढं सुरा, आणि पुढचं मोनिका कुणाला कधी सांगत नाही. सुऱ्याच्या अलीकडं तिनं फीत तोडली. आठ सेकंद उरले.

ग्रामपंचायतीच्या माईकची किल्ली छबूबाईकडं. नळाला पाणी कधी येणार, एवढंच ती त्यावर सांगायची. पण गावाच्या चारही कोपऱ्यांवर भोंगे होते.

"छबूमावशी, फोन माईकला लाव. आत्ताच्या आत्ता."

"आगं पोरी, हितं मानूस मारत्यात…"

"म्हणूनच लाव!"

भोंगा खरखरला. "मी मोनिका. मच्छिंद्राची. तुम्ही बघितली ती फीत मी चाळीस वेळा बघितलीय. माझं कामच ते आहे, मेलेली माणसं बघायचं. तो बन्सीकाका नाही. गाणं काढून टाकलंय. ऐका."

आणि गावानं ऐकलं. चुलीपुढच्या बायांनी, पाटावरच्या लेकरांनी, काठ्या उगारलेल्या गड्यांनी. आठ सेकंद एक परका माणूस परक्या भाषेत गयावया करत होता. तिनं पुन्हा लावलं. तिसऱ्यांदा लावलं. चौथ्यांदा लावायच्या आधी छबूबाईच माईकवर तुटून पडली, "आरं मुडद्यांनो! बन्सीला मराठी सोडून शिवी सुदिक येत न्हाई! ह्यो कंचा बन्सी?"

एक काठी खाली पडली. मग दुसरी. पांगताना कुणी कुणाकडं बघितलं नाही. रक्ताच्या चिखलात मेहताब आणि शेजारी मच्छिंद्र, एवढेच उरले. मच्छिंद्रानंच त्याला उचलून टेम्पोत घातला म्हणतात. टेम्पो चालवायला मात्र दुसरा बोलवावा लागला.

बन्सी? आला की! सोमवारी आला. बायकोशी भांडून राहुरीकडं ऊस तोडायला गेला होता, मोबाईल कॅनॉलमध्ये पडला होता. वेशीवर स्वतःच्याच श्रद्धांजलीच्या फलकाखाली उभा राहून त्यानं बिडी ओढली आणि विचारलं, "फोटू जुना का लावला रं?"

पोलीस आले, गेले. कुणी काही पाहिलं नव्हतं. मेहताबही म्हणाला, डोळ्यात माती गेली, दिसलं नाही. त्याला त्याच गावात राहायचं होतं. देवळालीचं स्थळ फिरकलंच नाही.

महिना गेला. एका सकाळी मोनिकापुढं नवी फीत आली. क्रमांक चारशे सहा. कुठल्या तरी तिसऱ्याच राज्याचं नाव चढवून हिंडत होती. राखाडी, मुकी, काडेपेटीएवढी. एक टेम्पो, एक दगड, एक हात. तिसऱ्या सेकंदाला टोपीवाला एक माणूस काठी उचलतो.

सर मागं उभे होते. "ही मी भरतो. तू ऊठ."

"नको सर." तिनं भरली. मारणारे: सहा. हत्यार: दांडा, दगड, काठी. मागं: पिंपळ, ग्रामपंचायत. ओळख पटली का, या रकान्याशी तिचा हात थांबला. पण त्या दिवशी फोनवर थांबली होती तेवढा वेळ नाही. 'होय,' तिनं लिहिलं.

मग लिंबाकडं न बघता फोन लावला. "आप्पा, फीत आलीय माझ्याकडं. तुम्ही दिसताय. मी सरांबरोबर उद्या ठाण्यावर देतीय."

पलीकडं कोंबड्यांचा आवाज येत होता.

"उद्या कशाला?" मच्छिंद्र म्हणाला. "तू यायच्या आदी मीच जातो."

धुतलेला सदरा घालून तो दुपारच्या एसटीनं शेवगावला गेला. ठाण्यात साहेबानं विचारलं, कुणी मारलं. त्यानं पहिलं नाव स्वतःचं सांगितलं. नंतर एकेक करून पाच.

"तुम्हाला कुणी बोलवलं नव्हतं, बाबा," साहेब म्हणाला. "मग आलात कशाला?"

मच्छिंद्रानं टोपी काढून मांडीवर ठेवली. "कोन कोन हुतं ते कळाया नको व्हय?"