बॉनेट थंड हवं

चंद्रप्रकाश परब त्या दिवशीही पहाटे साडेचारला उठला. जुनी गाडी तपासायला कुणी बोलावलं, की विकणारा जागा व्हायच्या आत पोचायचं, हा त्याचा नेम. साकीनाक्याच्या गॅरेजात तीस वर्षं काढल्यावर त्याला एक ठाऊक होतं: विकणारे आधी इंजिन तापवून ठेवतात. तापलेल्या इंजिनाची खोट लपते. म्हणून पहिला हात बॉनेटवर. कोमट लागलं, की परत फिरायचं.

गाडी तपासताना तो जे एकेचाळीस प्रश्न बघायचा, त्यांचं मुलीनं, अक्षतानं, ॲप केलं होतं. पहिलाच प्रश्न: बॉनेट थंड आहे का? ‘नाही’ दाबलं की ॲप थांबायचं. पडद्यावर यायचं: उद्या या.

तो मुलुंडला पोचला, तर गाड्या विकणारा देवव्रत चहा घेऊन उभाच होता. बॉनेट गरम.

“काका, जरा लाइनमध्ये लावायला चालू केली.”

“लाइन काय अंधेरीपर्यंत होती?”

चंद्रप्रकाशनं ॲपवर ‘नाही’ दाबलं. ते बघून देवव्रत हसला. “ते ॲप आम्हाला विका ना. आमच्या नावानं चालवू. तेवढा पहिला प्रश्न काढा. गिऱ्हाईक उगाच घाबरतं.”

“घाबरावं म्हणूनच ठेवलाय तो!” चहा तसाच टाकून चंद्रप्रकाश निघाला. घाटकोपरला घरी पोचला तरी कानशिलं तापलेलीच.

अक्षता म्हणाली, “बाबा, ओपन सोर्स करूया. सगळा कोड उघड्यावर. कुणीही वापरा, कुणीही सुधारा.”

“ज्याला विकलं नाही त्याला फुकट देऊ? डोकं फिरलंय का गं तुझं?”

“परवाना असा लावते, की बदल करून कुणी ॲप दुसऱ्यांना दिलं, तर बदल दाखवावाच लागेल.”

“आणि नाही दाखवला तर?”

“तर तो चोर. पण मूळ ॲप सगळ्यांकडे राहील. आता ते फक्त माझ्या लॅपटॉपवर आणि तुमच्या डोक्यात आहे. उद्या तुम्ही गेलात तर?”

“उद्या नाही जात.”

“बरं, परवा.”

तिसऱ्या दिवशी खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसला. “नुसतं हो-नाही नको. प्रत्येक प्रश्नाखाली कारण लिही. कारण कळलं, की प्रश्न कुणी काढला तरी माणूस बॉनेटला हात लावेल.”

एकेचाळीस कारणं लिहायला सहा दिवस लागले. अक्षतानं एका ठिकाणी ‘बहुधा’ लिहिलं. त्यानं ते खोडायला लावलं.

रविवारी ॲप खुलं झालं. मंगळवारी एका टॅक्सीवाल्याची तक्रार आली: माझ्या जुन्या फोनवर उघडत नाही.

चंद्रप्रकाश भडकला. “पै-पै जोडून जुनी गाडी घेणाऱ्याकडे नवा फोन असतो का गं? मग हे केलंस कुणासाठी?”

“जुना फोन नाही माझ्याकडे. तपासू कशावर?”

एक तारखेला पगार झाला. गॅरेजातून तो सरळ स्टेशनबाहेरच्या दुकानात गेला आणि काचेला तडे गेलेले, सगळ्यांत स्वस्त असे दोन जुने फोन विकत घेतले.