समृद्ध केलेली सुकडी

"पदर खाली धर. अजून खाली."

मुकादमाने सुकडीचं माप छातीइतकं उंच धरलं आणि तिथून ओतलं. निम्मी मायच्या पदरात पडली, निम्मी खडीच्या चुऱ्यात. "उचल की. सकस हाय ती. मातीत पडली तरी सकसच ऱ्हाती." रांगेतले हसले. माय खाली बसली आणि बोटांनी कण कण वेचायला लागली.

बहात्तरचा दुष्काळ. ईट गावाच्या अलीकडं रस्त्याचं काम. मी बारा वर्षांची, मायबरोबर खडी फोडायची. धाकटा भाऊ वर्षाचा. मायचं दूध आटलेलं. कामावर वाटली जाणारी ती सुकडी, भरडलेलं गोडसर पीठ, पाण्यात कालवून त्याला चाटवायचो, तेवढ्यावरच तो तग धरून होता.

आदल्या आठवड्यात जीपमधून साहेब आले होते. म्हणाले, ही साधी सुकडी नाही, जीवनसत्त्वं घालून समृद्ध केलेली आहे. मायने विचारलं, "समृद्ध म्हंजी काय, सायेब?"

"अंगाला लागणारं."

मला तो शब्द ठाऊक होता. सोसायटीच्या चेअरमनच्या भाषणात तो ऊस, विहीर, इंजिन यांच्या जोडीनं यायचा. आमच्या वाट्याला आला तो पोत्यातून. तोही वरून टाकलेला.

बाकीच्या बायकांच्या ताटलीला माप टेकायचं. आम्हा बौद्धवाड्यातल्या बायकांना शेवटी उभं करून वरून ओतायचे, माप बाटू नये म्हणून. धम्म घेऊन सोळा वर्षं होत आली होती. मुकादमाच्या मापाला ते कुणी कळवलंच नव्हतं.

मायच्या मागं माझा नंबर. पोटात आग पडलेली. माय अजून मातीतच बसलेली. मला तिचा राग आला, मग माझा आला. मी घरून आणलेली ताटली वर नेली आणि मापाला टेकवली. "घाला."

त्याने माप फेकून दिलं. आम्हा दोघींची नावं हजेरीतून खोडली.

घरी मायने मला बडव बडव बडवलं. मारता मारता स्वतःच रडायला लागली. "लेकरू मरंल की गं. हात खाली धरला असता तर काय झिजला असता?"

भाऊ रिकामी बोटं चोखत होता. आपण चुकलो, असंही वाटून गेलं. हा मेला तर माझ्यामुळं मेला, हेही कळत होतं.

तरी मी म्हणाले, "माय, उद्या म्या परत जाणार. नाव नसलं तरी खडी फोडणार. अन् ताटली वरच धरणार."