हीटरशेजारचं डाळिंब

कल्पना करा, तुम्हाला डाळिंबाचं झाड अशा ठिकाणी जगवायचंय, जिथं जानेवारीत नळातलं पाणी गोठतं. झाड इराणपासून भूमध्य समुद्रापर्यंतच्या कोरड्या, उन्हाळी मुलखातलं. मनालीच्या वर बोगद्याच्या कामावर असलेल्या सोहेब इंजिनिअरनं काय केलं? कुंडी हीटरशेजारी ठेवली, खोडाला बायकोची शाल गुंडाळली आणि रोज पाणी घातलं.

सोलापूर जिल्ह्यातल्या सांगोल्यात त्याच्या सासऱ्यांनी, बंदेनवाज मुलाणींनी, हे फोनवर पाहिलं. "झाड हाय का बाळंतीण?"

डाळिंबाच्या फांदीला ओलं शेवाळ बांधून गुटी करायची, म्हणजे नवं रोप काढायचं, यात त्यांची चाळीस वर्षं गेली. शिकलेली माणसं त्यांच्या लेखी बिनकामाची. जावयाला ते माघारी 'थर्मामीटर' म्हणत. पण त्यांच्या वडिलांनी लावलेलं मूळ झाड तेल्या रोगानं गेलं, उपटून जाळावं लागलं. त्याची एकच गुटी उरली होती, मुलगी मेहनाजनं लग्नानंतर नेलेली. ती हीच.

"पानं गळतायत, अब्बा," मेहनाज म्हणाली.

"गळू दे की. पाणी तोड. हितं आमी बागंला ताण देतो, ते काय येड लागलंय म्हणून? ती शाल काढ आदी."

"किती तापमानात ठेवू?" सोहेबनं विचारलं.

"तापमान तुमच्या बोगद्यात मोजा, मियाँ."

कुंडी बंद पडवीत गेली. पाणी तुटलं, पानं झडली आणि झाड निवांत झोपलं. बंदेनवाज खरे ठरले. पुढं महिनाभर चहाच्या टपरीवर त्यांनी जावयाच्या अकलेचे किस्से चवीनं सांगितले.

मग संक्रांत झाली. सांगोल्यात आंबे बहारासाठी, म्हणजे थंडीअखेरच्या फुलोऱ्यासाठी, ताण तोडायची, भरपूर पाणी सोडायची हीच वेळ.

"मेहनाज, कुंडी तुडुंब भर."

"अब्बा, बाहेर उणे नऊ आहे," सोहेब मागून म्हणाला.

"चाळीस वर्सं बहार धरतोय मी. तुमी किती धरले?"

गोठलेली माती ज्यानं जन्मात पाहिली नव्हती, तो माणूस तिला हुकूम सोडत होता. मेहनाजनं पाणी घातलं.

सकाळी कुंडी उभी तडकलेली होती. आतल्या पाण्याचा बर्फ झाला होता, माती दगडासारखी. सोहेबनं फक्त फोनचा कॅमेरा कुंडीवर धरला.

आता बंदेनवाज टपरीवर जात नाहीत. रोज फोन करतात.

"बुंध्यापाशी साल नखानं खरवड. आत हिरवं हाय?"

"तपकिरी दिसतंय, अब्बा. खाली अजून बर्फच आहे," मेहनाज सांगते.

मग थेट जावयालाच विचारतात,

"सोहेबमियाँ, तुमी शिकलेले हाय. मातीखालचं मूळ जित्तं असंल का?"