लोहभस्म आणि न टोचलेले औषध

"भाऊनं तोंड बंद ठेवलं असतं, तं वहिनीले ते नवं औषध भेटलं असतं." माझा धाकटा भाऊ हे वाक्य मोताळ्यापासून मलकापूरपर्यंत प्रत्येक नातेवाइकाला ऐकवत आला आहे. पत्नीच्या वर्षश्राद्धाच्या पंगतीत त्याने ते माझ्या तोंडावर उच्चारले, म्हणून हे लिहिणे भाग पडले.

मी आयुष्यभर विज्ञान शिकवले आहे. पत्नीच्या यकृतात गाठ होती. नागपूरच्या एका रुग्णालयात तिच्यावर प्रायोगिक उपचार व्हायचा होता : लोहाचे अतिसूक्ष्म कण आणि त्यांच्यावरच चढवलेले औषध. कण गाठीत शिरले की एमआरआयमध्ये तेवढा भाग काळवंडतो, आणि औषध मुक्कामी पोचल्याचे डॉक्टरांना डोळ्यांनी दिसते. परंतु ती लोहभस्म घेते हे कळताच त्यांनी कण टोचण्याआधीची चित्रे पुन्हा तपासली. यकृत अगोदरच लोहाने काळवंडलेले होते. कण कुठे गेले हे ओळखता येणार नव्हते. उपचार रद्द झाला.

ते भस्म 'अंगात रक्त भरते' म्हणून मोताळ्याच्या बाजारातून दर आठवड्याला आणून देणारा कोण? हाच माझा भाऊ.

"वैद्याची पुडी डॉक्टरले कोण सांगते, भाऊ? सारा जिल्हा खाते अन् सारा जिल्हा चूप राह्यते."

"जिल्हा चूप राहिला म्हणून यकृत चूप राहत नाही," मी म्हणालो.

"मास्तर, हे वर्गात सांगजा," शेजारच्या पानावरून चुलतभाऊ म्हणाला, आणि पंगत हसली. तिच्या श्राद्धाला हसली.

लपवले असते तर डॉक्टरांनी जुन्या लोहाचा काळेपणा पाहून औषध पोचले असे मानले असते, आणि गाठ वाढत राहिली असती. याला हे लोक जीव वाचणे म्हणतात.

वर्षभर मी हा आरोप मुकाट्याने सोसला. खरे सांगितले तर बोल तिच्यावर जाईल, अशी मला भीती होती. आता वाटते, तो बोल नव्हेच. आमच्या घरात खरे बोलण्याचे धैर्य तिने एकटीने दाखवले, आणि मी तिचे श्रेय दडवून बसलो.

रुग्णालयात उपचाराचा अर्ज भरला गेला तेव्हा मी खाली रक्ततपासणीच्या रांगेत उभा होतो. त्या अर्जाची प्रत माझ्याजवळ आहे. 'इतर कोणती औषधे घेता?' या प्रश्नापुढे लिहिले आहे : 'लोहभस्म, दोन वर्षे, रोज सकाळी मधातून.' अक्षर तिचे आहे.