बाहेरच्या खोलीतली तोंडी परीक्षा

माझ्या सासऱ्यांना, म्हणजे अप्पांना, विसर पडायला लागला तसा शुक्रवार पेठेतल्या आमच्या घराला परीक्षा केंद्राचा दर्जा मिळाला. पाहुणे यायचे, चहा घ्यायचे आणि कप खाली ठेवता ठेवता विचारायचे, "अप्पा, मी कोण सांगा बघू?" अप्पा गप्प राहिले की निकाल तिथेच, त्यांच्यासमोर, मोठ्याने जाहीर व्हायचा: आता काहीच कळत नाही त्यांना.

कळत नव्हतं म्हणे. पण बेल वाजली की अप्पा आतल्या खोलीत जाऊन डोक्यावरून पांघरूण ओढून पडायला लागले. जन्मभर चादरीच्या दुकानात आल्यागेल्याला "बसा" म्हणणारा माणूस माणसांना घाबरायला लागला.

मला नियम लावायची सवय. दारातच सांगू लागले: चपला काढा, आत गेल्यावर स्वतःचं नाव आणि नातं सांगा, प्रश्न विचारू नका. चपला सगळ्यांनी काढल्या.

मग मोहोळहून नणंदेचे यजमान आले. निवृत्त मुख्याध्यापक. मेंदूला व्यायाम हवा, हे आमच्या डॉक्टरांच्या नजरेतून सुटलेलं सत्य त्यांनी मला उंबऱ्यावरच समजावलं. मी वाद घातला नाही. अप्पांना हाताला धरून बाहेर आणलं, गादीवर बसवलं आणि धुतलेल्या चादरी घड्या घालायला त्यांच्या पुढ्यात ठेवल्या.

भाऊजींनी घसा साफ केला. "अप्पा, ओळखा बघू..."

"बर्री, या, बसा की," अप्पा म्हणाले आणि एक चादर झटक्यात त्यांच्या मांडीपर्यंत उलगडली. "घरला पायजे का लग्नात द्यायला?"

"अहो, मी तुमचा..."

मी भाऊजींकडे पाहिलं. आमचं घर त्या नजरेवर चालतं.

"घरला," ते म्हणाले.

मग बराच वेळ अप्पाच बोलत होते. हिरवी घेऊ नका, रंग जातो. ही घ्या, धुतली की मऊ पडते. मुख्याध्यापक मान डोलावत होते. विद्यार्थी म्हणून बरे निघाले. जाताना ती चादर काखेत मारूनच गेले. चादर माझी होती, त्यातल्या त्यात नवी. असो, शिक्षणाला खर्च येतोच.

ते गेल्यावर अप्पा मला म्हणाले, "गिऱ्हाईक चांगलं हाय. पण लई विचारतंय."

संध्याकाळी बेल वाजली. मी उठायच्या आत अप्पा दारात. बाहेर शेजारीण होती, विरजण मागायला आलेली. तिला चादर नको होती. पण बसावं लागलं.